बुरशीलाही रोग होतो : चेस्टनटच्या करप्याची हकीकत

झाडावर किंवा पिकावर बुरशी पडली म्हणजे रोग आला, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तांबेरा, भुरी, करपा, मर हे सारे बुरशीचेच प्रताप होत. परंतु ज्या बुरशीमुळे झाड आजारी पडते, त्या बुरशीलाही स्वतःचा असा रोग जडू शकतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या कानांवर गेलेली असते. माणसाला गोवर, कोंबडीला मानमोडी आणि केळीला पर्णगुच्छ हे रोग विषाणूंमुळे होतात. निराळ्या जातींचे असेच विषाणू बुरशीच्या तंतूंतही वस्ती करून असतात. पुष्कळदा त्यांच्यामुळे बुरशीचे काहीच बिघडत नाही. क्वचित मात्र असा एखादा विषाणू बुरशीला इतकी दुर्बळ करतो की, तिने धरलेले झाड पुन्हा सावरते.

युरोपातील चेस्टनटच्या बागा अशाच एका विषाणूमुळे वाचल्या. अमेरिकेतील त्याच जातकुळीची झाडे त्याच बुरशीने कोट्यवधींच्या संख्येने मारली, आणि युरोपातील हा विषाणू तेथे नेऊन सोडला तरी तो म्हणावा तसा पसरला नाही. एकच बुरशी, एकच विषाणू, आणि दोन खंडांत दोन निरनिराळे परिणाम असे का व्हावे, याचा उलगडा झाडापेक्षा बुरशीच्या स्वभावात अधिक सापडतो.

चेस्टनट हे झाड महाराष्ट्रात होत नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. शिंगाड्याच्या इंग्रजी नावातही चेस्टनट हा शब्द येतो, त्यामुळे घोटाळा होतो. परंतु शिंगाडा ही पाण्यातील वेल आहे, तर चेस्टनट हा ओकच्या कुळातील थंड प्रदेशातला मोठा वृक्ष आहे. त्याला काटेरी बोंडे येतात आणि एकेका बोंडात दोन-तीन तपकिरी बिया असतात. बदाम किंवा अक्रोड यांच्याप्रमाणे या बियांत तेल फारसे नसते. त्या पिठूळ व गोडसर असतात, आणि त्या भाजून, उकडून किंवा दळून खातात. इटलीच्या डोंगराळ मुलखात, जेथे गहू नीट येत नसे, तेथे शतकानुशतके चेस्टनटच्या पिठावरच गोरगरिबांचा हिवाळा निघे. तेथील लोक या झाडाला भाकरीचे झाड म्हणत, ते उगीच नव्हे. अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगरांतही हीच स्थिती होती. शरद ऋतूत बियांचा सडा पडे. त्यावर डुकरे पोसली जात, पोरेसोरे बिया वेचून दुकानदाराला देत आणि त्याच्या बदल्यात घरात किराणा किंवा पायांत बूट येत. लाकूड वाळवी-कुजीला दाद न देणारे असल्यामुळे कुंपणाचे वासे, तारेचे खांब, घरांच्या तुळया यांसाठी ते वापरीत, आणि कातडी कमावण्याचे टॅनिनही त्यापासून काढीत.

अमेरिकेत काय घडले

१९०४ साली न्यूयॉर्क शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या आवारात तेथील वृक्षांची देखरेख करणारे हर्मन मर्केल यांना चेस्टनटची काही झाडे फांदीफांदीने वाळत असल्याचे दिसले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानातील विल्यम मरिल यांनी हा रोग एका बुरशीमुळे होतो असे दाखवून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या बुरशीला आज क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका असे नाव आहे. ती मूळची पूर्व आशियातील. १९१३ मध्ये फ्रँक मायर यांना ती चीनमधील चेस्टनटवर आढळली. तेथील झाडांना तिच्यामुळे व्रण पडत, पण झाडे मरत नसत. कारण झाड आणि बुरशी यांचा सहवास तेथे फार जुना होता. अमेरिकेतील झाडांना या शत्रूची कधी ओळखच नव्हती. कलमा-रोपांच्या बरोबर तो समुद्र ओलांडून आला असला पाहिजे.

या बुरशीची कामाची रीत अशी. सालीला कोठे चीर पडली, किड्याने भोक पाडले किंवा फांदी मोडली की, त्या जखमेतून बीजाणू आत शिरतो. तो रुजल्यावर त्याचे फिकट पिवळसर तंतू पंख्याप्रमाणे पसरत सालीच्या आतील थरात शिरतात. तंतूंच्या पुढे ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये जातात आणि जिवंत पेशी मारून वाट मोकळी करतात. सालीच्या आतील जो थर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेतो तो, आणि साल व लाकूड यांच्या मधला वाढीचा थर, हे दोन्ही मरतात. व्रण खोडाभोवती पसरत पसरत त्याची दोन टोके एकमेकांना मिळाली की खोडाला मेखला घातल्यासारखे होते आणि तिच्या वरचा भाग वाळून जातो. संत्र्याच्या डिंक्याने बुंध्याभोवतीची साल कुजली म्हणजे झाड कसे जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. डिंक्याचा जंतू अगदी निराळा, पण सालीचा पट्टा गेला की झाड गेले हे सूत्र दोहोंकडे सारखेच.

व्रणावर नारिंगी रंगाच्या बारीक पुटकुळ्या येतात. पावसाळी हवेत त्यांतून बीजाणूंचे चिकट नारिंगी तंतू शेवयांसारखे बाहेर पडतात, आणि पावसाचे शिंतोडे, किडे व पक्ष्यांचे पाय यांच्याद्वारे ते इतरत्र जातात. याखेरीज नर-मादी संयोगापासून होणारे दुसऱ्या प्रकारचे बीजाणू असतात. ते वाऱ्यावर दूरवर उडतात. पुढे या दोन प्रकारच्या बीजाणूंतील फरक फार महत्त्वाचा ठरावयाचा आहे, म्हणून तो येथेच ध्यानात ठेवावा.

पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये खास आयोग नेमला आणि २ लक्ष ७५ हजार डॉलर मंजूर केले. रोगाच्या आघाडीपुढे झाडे तोडून पट्टा मोकळा करावयाचा, रोगट झाडे तोडून साल जाळावयाची, असा बेत होता. त्या काळी याहून वेगळा उपाय कोणाला सुचणेही कठीण होते. परंतु वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूला तोडलेल्या पट्ट्याची अडचण ती काय! १९१३ मध्ये ते काम थांबले. मग, झाड जाणारच आहे तर लाकडाचे तरी पैसे करावेत, अशा विचाराने मालकांनी धडधाकट झाडेही तोडली. त्यांत रोगाला थोडीफार दाद न देणारी काही झाडे असतील, तर तीही गेली. १९५० पर्यंत सुमारे २० कोटी एकरांच्या मुलखातील ३५० ते ४०० कोटी झाडे नष्ट झाली असा अंदाज आहे.

मुळे मात्र मेली नाहीत. मातीतील इतर सूक्ष्म जीव या बुरशीला जमिनीत टिकू देत नाहीत, त्यामुळे बुंध्याला धुमारे फुटतात, ते पाच-दहा वर्षे वाढतात, साल तडकू लागली की पुन्हा रोग लागतो आणि पुन्हा वाळतात. अमेरिकेच्या जंगलात आजही हा क्रम चालू आहे. यावरूनच निघालेला एक उपाय असा की, झाडाच्या बुडाची ओली माती व्रणावर थापून वर कापडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी बांधावयाची. तेवढा व्रण याने खरोखर भरून येतो. परंतु प्रत्येक व्रण हाताने बांधावा लागतो आणि शेजारी नवा व्रण पडण्याचे काही थांबत नाही. परसातल्या दोन झाडांना हे ठीक. डोंगरभर जंगलाला कोण लेप लावीत बसणार?

जिनोआजवळील व्रण

१९३८ मध्ये हा रोग इटलीत जिनोआ शहराजवळ प्रथम आढळला. अमेरिकेत काय झाले हे सर्वांस ठाऊक होते, त्यामुळे इटलीतील चेस्टनटची शंभरी भरली असेच बहुतेकांना वाटले. पुढील दहा-बारा वर्षांत रोग वेगाने पसरला. दक्षिण स्वित्झर्लंडमध्ये तो १९४८ मध्ये पोचला. बागायतदार झाडे तोडू लागले.

१९५० च्या सुमारास अंतोनियो बिरागी या इटालियन वनस्पतिरोगतज्ज्ञास जिनोआच्या परिसरातील काही झाडांवर निराळेच दृश्य दिसले. ही झाडे पूर्वी बुंध्यापासून तोडून फुटवे राखलेली होती. त्यांच्यावर व्रण होते, बुरशीही होती, पण व्रणाच्या वरच्या फांद्या हिरव्या होत्या. व्रणाच्या कडा आत खचण्याऐवजी फुगलेल्या होत्या, आणि बुरशी सालीच्या बाहेरच्या थरातच घुटमळत होती. तिच्याखाली झाडाने नवी साल धरलेली होती. रोगट म्हणून ही झाडे बुंध्यापासून छाटून जाळली असती तर कोणी दोष दिला नसता. बिरागींनी ती तशीच राहू देऊन वर्षानुवर्षे पाहिली.

झाड बरे होत आहे म्हणजे गुण झाडाचा, असे मानणे साहजिक होते. ही समजूत खोटी ठरविली ती झां ग्राँत या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १९६४-६५ मध्ये इटलीतील भरून येत असलेल्या व्रणांची साल आणून त्यांनी तिच्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढविली. नेहमीची बुरशी काचेच्या थाळीत नारिंगी दिसते; ही मात्र पांढरी निघाली. तिच्यावर नारिंगी पुटकुळ्या जवळजवळ नव्हत्याच. निरोगी झाडाच्या सालीत ती टोचली तर लहानसा वरवरचा व्रण पडे आणि तो भरून येई. तेव्हा झाड बदललेले नव्हते, बुरशीच क्षीण झालेली होती.

याहून नवलाची गोष्ट पुढे दिसली. नारिंगी आणि पांढरी बुरशी एकाच थाळीत शेजारी शेजारी वाढविली, की काही दिवसांनी नारिंगीच्या कडेला पांढरे पट्टे येऊ लागत आणि तीही पांढरी व क्षीण होई. झाडावरील जोमदार व्रणाच्या कडेला भोके पाडून त्यांत पांढरी बुरशी भरली, तर तो व्रणही वाढावयाचा थांबे. क्षीणपणा हा सांसर्गिक होता. एका बुरशीचा आजार दुसरीला लागत होता, जसा गोठ्यातील एका जनावराचा दुसऱ्याला लागावा.

या आजाराचे कारण काय, हे कळावयास आणखी काही वर्षे लागली. १९७२ मध्ये युरोपातील क्षीण बुरशी अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात नेण्यात आली. अमेरिकेतील जोमदार बुरशीही तिच्या संसर्गाने क्षीण होते आणि व्रण भरतात, हे तेथील संशोधकांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये त्याच केंद्रात क्षीण बुरशीच्या पेशींत दुपदरी आरएनए सापडले. निरोगी बुरशीत असले दुपदरी आरएनए नसते. ती विषाणूची खूण होती. १९९२ मध्ये न्यू जर्सीमधील प्रयोगशाळेत गिल चोई व डोनाल्ड नस यांनी या विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल करून ती निरोगी बुरशीत घातली. ती बुरशी लगेच पांढरी व क्षीण झाली. तेव्हा क्षीणपणाला विषाणूच कारण आहे, दुसरे काही नाही, हे निःसंशय ठरले.

विषाणू बुरशीचे काय करतो

हा विषाणू अगदी साध्या घडणीचा आहे. त्याचे आनुवंशिक द्रव्य म्हणजे सुमारे १२,७०० घटकांची एक माळ. बहुतेक विषाणूंभोवती प्रथिनाचे कवच असते, ते याच्याभोवती नाही. बुरशीच्या पेशीतील रसात चरबीसदृश पातळ पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या तयार होतात आणि त्यांत तो राहतो. पेशीबाहेर पडला की तो टिकत नाही. म्हणून पाण्यात कालवून पंपाने झाडावर फवारावयाचे असे हे औषध नव्हे, हे पहिल्यानेच समजून घ्यावे. त्याला एका पेशीतून दुसऱ्या पेशीत थेट जावे लागते.

तो बुरशीला मारीत नाही. मारील तर त्याचेच घर बुडेल. परंतु तिच्या घरच्या कारभारात तो ढवळाढवळ करतो. नारिंगी रंगद्रव्य कमी तयार होते. पावसात बाहेर पडणारे चिकट बीजाणू फारच थोडे येतात. मादी म्हणून तिची फलनशक्ती जाते. लॅकेज नावाचे जे विकर बुरशी एरवी भरपूर सोडते ते घटते. सालीत शिरण्याचा वेग मंदावतो. शेवटची गोष्ट झाडाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. कोणत्याही झाडास जखमेच्या आत बुचासारखा नवा थर उभारून शत्रूला बाहेर थोपविण्याची शक्ती असते, पण त्यास वेळ लागतो. जोमदार बुरशी तो वेळच देत नाही. भिंत उभी राहण्यापूर्वी ती पलीकडे गेलेली असते. क्षीण बुरशी मागे पडते, मधल्या काळात भिंत पुरी होते, आणि व्रण बाहेरच्या सालीत कोंडला जातो. झाडाला नवी शक्ती मिळत नाही. त्याला केवळ सवड मिळते.

हा विषाणू सगळीकडे सारखाच तीव्र नसतो. फ्रान्समध्ये मिळालेले याचे काही वंश बुरशीला अगदी लोळवतात, तर इटलीत सर्वत्र पसरलेला वंश सौम्य आहे. औषध जेवढे जालीम तेवढे चांगले, असे कोणासही वाटेल. येथे उलटे घडते. बुरशी अगदीच लोळली तर तिचे बीजाणू येत नाहीत, आणि बीजाणू आले नाहीत तर विषाणू पुढच्या झाडावर जावयाचा कसा? इटलीतील सौम्य विषाणू बुरशीला थोडे हिंडू-फिरू देतो, थोडे बीजाणू धरू देतो आणि त्यांच्याबरोबर स्वतः पसरतो. अति तेथे माती, ही म्हण या सूक्ष्म जगातही खरी ठरते.

बुरशीची सोयरीक

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. विषाणू एका बुरशीतून दुसरीत जातो तो दोन वाटांनी. पहिली वाट चिकट बीजाणूंची. विषाणू जडलेल्या बुरशीच्या अशा बीजाणूंपैकी काहींत विषाणू उतरतो, सर्वांत नाही. वाऱ्यावर उडणाऱ्या, नर-मादी संयोगापासून होणाऱ्या बीजाणूंत तो उतरतच नाही. त्या बीजाणूंपासून उगवलेली प्रत्येक बुरशी निरोगी, म्हणजे झाडाच्या दृष्टीने घातक असते.

दुसरी वाट तंतूंच्या मिलनाची. दोन बुरशींचे तंतू एकमेकांना भेटले की त्यांच्या भिंती विरघळून दोहोंचा रस एक होऊ शकतो आणि विषाणू इकडून तिकडे जातो. परंतु बुरशी कोणाशीही अशी सोयरीक करीत नाही. तंतू भेटल्यावर दोन्हीकडे ओळख पटावी लागते. पटली तर मिलन होते. नाही पटली तर भेटीच्या जागच्या पेशी मरतात आणि मध्ये मेलेल्या पेशींचा बांध पडतो. अशा बांधातूनही विषाणू कधीमधी निसटून जातो, पण ते क्वचित.

ही ओळख ठरविणारी सहा आनुवंशिक स्थाने युरोपातील संशोधकांना ठाऊक झाली आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय, म्हणजे सहा ठिकाणी मिळून ६४ निरनिराळे गट होऊ शकतात. सहाही ठिकाणी जुळणाऱ्या बुरशी एका गटाच्या, आणि त्यांच्यात विषाणू सहज फिरतो. दक्षिण युरोपात पुष्कळ ठिकाणी बुरशीच्या दोन-चार गटांचेच प्राबल्य आहे. आग्नेय युरोपाच्या काही भागांत तर एकच गट दूरवर पसरला आहे. जणू सारा गाव एकाच भावकीचा. त्यात साथ शिरली की घरोघर जावयास वेळ लागत नाही. इटलीत व दक्षिण स्वित्झर्लंडमध्ये विषाणू कोणी न नेता आपोआप पसरला तो यामुळे. फ्रान्समध्ये ग्राँत यांच्या पद्धतीने बागांतील व्रणांवर उपचार करण्यात आले. प्रथम बागेतील बुरशी कोणत्या गटांची आहे हे पाहावयाचे, त्याच गटांच्या बुरशीत विषाणू घालून तिचा लगदा करावयाचा आणि व्रणाच्या कडेने भोके पाडून त्यांत तो भरावयाचा. गट पाहण्याची ही पायरी चुकली तर सारा खटाटोप फुकट जातो.

अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलात बुरशीचे गट फार अधिक आहेत. एकाच झाडावर निरनिराळ्या गटांचे व्रण शेजारी शेजारी असू शकतात. त्यातच तेथे नर-मादी संयोग भरपूर होतो, त्यामुळे गटांची सरमिसळ सतत नवी होत राहते आणि विषाणूविरहित बीजाणू वाऱ्यावर हिंडत राहतात. कनेक्टिकट, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत वर्षानुवर्षे प्रयोग झाले. ज्या व्रणावर उपचार केला तो बरा होई. शेजारच्या व्रणापर्यंत गुण पोचत नसे. शिवाय अमेरिकेतील झाड युरोपातील झाडापेक्षा या रोगास अधिक बळी पडणारे आहे आणि दाट जंगलात इतर वृक्षांच्या सावलीत त्याच्या धुमाऱ्यांना जोम धरता येत नाही. युरोपातील चेस्टनट बहुधा बागेत किंवा राखलेल्या रानात असतो, त्याला माणसाचा हात लागलेला असतो, हाही फरक लहान नव्हे.

याला अपवाद आहेत. मिशिगन राज्यात झाडांच्या मूळ वस्तीबाहेर लावलेल्या चेस्टनटच्या काही राया १९७६ नंतर आपोआप सावरताना आढळल्या. तेथील बुरशीत युरोपातील विषाणूच्या नात्यातला, पण वेगळा विषाणू निघाला. विस्कॉन्सिनमधील वेस्ट सेलम येथे चेस्टनटची मोठी राई आहे. तेथे १९८७ मध्ये रोग लागला आणि १९९२ पासून विषाणूयुक्त बुरशीने व्रणांवर उपचार सुरू झाले. अनेक झाडे मेली, काही व्रण भरून जगली. या राईची कथा पुरी यशाची नाही, पण पुऱ्या अपयशाचीही नाही.

अडथळा बुरशीच्या ओळखीचा असेल तर ती ओळखच पुसून टाकावी, असा विचार पुढे आला. चोई व नस यांच्या पद्धतीने विषाणूची नक्कल बुरशीच्या स्वतःच्या आनुवंशिक द्रव्यातच घातली, तर वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूंबरोबरही विषाणू जाऊ शकतो. अशी बुरशी १९९४ मध्ये कनेक्टिकटमध्ये परवानगीने रानात सोडून पाहण्यात आली. २०१६ मध्ये मेरीलँड येथे नस व डाँगशिउ झांग यांनी आणखी एक वाट काढली. ओळख ठरविणाऱ्या स्थानांपैकी चार निकामी केलेली बुरशी त्यांनी तयार केली. ती निरनिराळ्या गटांच्या बुरशींशी मिसळून त्यांना विषाणू देऊ शकते. सारा डोंगर याने बरा होईल असे मात्र अद्याप कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या झाडांच्या बाबतीत

चेस्टनटची गोष्ट प्रसिद्ध झाल्यावर इतर वृक्षरोगांच्या बुरशींतही असे विषाणू शोधण्यात आले. युरोप-अमेरिकेतील एल्म वृक्ष मारणाऱ्या बुरशीत ते सापडले. सफरचंद व नासपती यांच्या मुळांवर येणाऱ्या पांढऱ्या मूळकुजीच्या बुरशीतही जपानमध्ये असे विषाणू मिळाले आणि त्यांतील एकाने ती बुरशी क्षीण होते, असे २००९ मध्ये दिसून आले. ही मूळकूज हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांतही नुकसान करते. परंतु मूळकुजीच्या बुरशीतही गट पुष्कळ असतात, आणि ती जमिनीखाली असते. व्रण डोळ्यांना दिसतो, त्यास भोक पाडून लगदा भरता येतो. मातीत पसरलेल्या तंतूंपर्यंत पोचावयाचे कसे, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

चीनमध्ये २०१० साली याहून वेगळा प्रकार प्रसिद्ध झाला. मोहरीवर्गातील पिकांच्या खोडकुजीच्या बुरशीत असा एक विषाणू सापडला की, तो डीएनएचा असून त्याला कवच आहे, आणि तो बाहेरूनही बुरशीला जडतो. तंतूंच्या सोयरिकीची त्याला गरज पडत नाही. वृक्षांच्या रोगाशी त्याचा संबंध नाही, तरी या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे लागले ते याच कारणाने.

बागेतील व्यवहार

दक्षिण युरोपात आज चेस्टनटचा बागायतदार करप्याबरोबर राहावयास शिकला आहे. सर्वांत जपावे लागते ते नव्या कलमाला, कारण कलमाच्या जोडाची जखम ही बुरशीची आवडती वाट. म्हणून कलम केल्यावर पहिली काही वर्षे जोड वारंवार पाहतात आणि तेथे व्रण दिसला तर त्यावर विषाणूयुक्त बुरशीचा लगदा लावतात. मोठ्या झाडांवरील व्रण मात्र आधी नीट पाहतात. कडा खचलेल्या, साल फाटलेली, वर नारिंगी पुटकुळ्या आणि व्रणाखालून धुमारे फुटलेले, असे असेल तर बुरशी जोमदार आहे. व्रण फुगलेला, वरवरचा, पुटकुळ्या विरळ आणि वरची फांदी हिरवी, असे असेल तर विषाणू आपले काम करीत आहे. असा भरत आलेला व्रण तोडीत नाहीत. तो त्या बागेतील विषाणूचा साठा असतो.

तोडलेल्या लाकडाची गोष्टही अशीच. रोगट लाकूड रानात ठेवू नये, हा सर्वत्र मान्य नियम. परंतु स्वित्झर्लंडमधील दक्षिणेकडील जंगलांत, जेथे विषाणू चांगला मुरलेला आहे तेथे, मेलेल्या लाकडावरही विषाणूयुक्त बुरशी वाढते आणि तिच्या बीजाणूंबरोबर विषाणू पसरतो, असे संशोधनात आढळले. तेव्हा तेथे तोडलेल्या ओंडक्यांची थप्पी रानात राहिली तर तिचा उपद्रवापेक्षा उपयोगच अधिक. जेथे रोग नवा आहे आणि विषाणू पोचलेला नाही, तेथे मात्र जुनाच नियम चालतो. इंग्लंडमध्ये २०११ साली हा रोग चेस्टनटच्या काही नव्या लागवडींत प्रथम सापडला, तेव्हा ती रोगट झाडे काढून नष्ट करण्यात आली.